रोबोपेक्षा वही स्वस्त

शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेला पहिल्यांदा आलेल्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते. संघात दहा-बारा मुलं. चौघं मैदानाच्या कडेला, त्यातल्या दोघांच्या हातात कंट्रोलर. तिघं-चौघं पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या टेबलाशी, ॲलन की घेऊन स्क्रू आवळतायत. आणि आपली लेक मात्र वर प्रेक्षकांत, मांडीवर क्लिपबोर्ड घेऊन, भलत्याच शाळेचा रोबो बघत बसलेली. 'वर्षाची फी भरली ती हिने दुसऱ्यांचे गुण मोजत बसावं म्हणून?' वाशी-नेरूळ-खारघरच्या पट्ट्यात हा सूर हमखास निघतो. इथे रोबोटिक्स हाही आता क्लासच आहे, आणि क्लास म्हटला की फीचा हिशेब आलाच.

या क्लिपबोर्डवाल्या कामाला मुलं स्काउटिंग म्हणतात. टेहळणी म्हटली की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात, वेषांतर आठवतं. इथे वेषांतर औषधालाही नाही. टेहळणी करणाऱ्याच्या पाठीवर ठळक आकड्यांत संघाचा क्रमांक छापलेला असतो, आणि ज्याची टेहळणी करायची त्याच्याच टेबलाशी जाऊन 'दादा, तुमचं ऑटो कुठल्या बाजूने सुरू होतं?' असं सरळ विचारायचं असतं (ऑटो म्हणजे रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो तो सुरुवातीचा भाग). दादाही सांगतो, वर आपल्या संघाचं एक स्टिकर हातावर ठेवतो. तरीही आपल्याकडच्या बहुतेक संघांत हे काम सर्वांत धाकट्याच्या किंवा 'ज्याला रोबोतलं फारसं येत नाही' त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या मते इथेच गणित चुकतं. आपल्या संघांकडे पैसा कमी, सुटे भाग उशिरा येणारे आणि सरावाला मैदान नाही. अशा संघाला वर नेणारं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ही वही, आणि तीच आपण नवख्याच्या हाती देतो.

अर्थात, सगळ्याच स्पर्धांत टेहळणीला सारखं मोल नाही. लहान मुलांच्या फर्स्ट लेगो लीगमध्ये शेजारच्या टेबलावर कोणीही खेळो, तुमचे गुण तुमचेच. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या बहुतेक गटांतही तसंच. तिथे दुसऱ्याचा रोबो बघायचा तो शिकण्यासाठी. त्याने निकाल बदलत नाही.

कॉलेजच्या पातळीवर रोबोकॉनची गोष्ट वेगळी. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली, आणि दरवर्षीचा यजमान देश आपल्या मातीतला खेळ किंवा कथा विषय म्हणून देतो. २००८ साली यजमानपद पुण्याकडे आलं तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. २०१४ साली स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हा आई-बापांना वंदन असा विषय होता: मोठा रोबो छोट्या रोबोला झोक्यावर, सी-सॉवर खेळवतो. २०२२ साली नवी दिल्लीत चक्क लगोरी. देशांतर्गत फेरीही अनेक वर्षं बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत असे, त्यामुळे मुंबई-नवी मुंबईच्या अभियांत्रिकीवाल्यांना एक्सप्रेस-वे ओलांडला की स्पर्धा हाताशी होती.

टेहळणीच्या दृष्टीने या विषयांतला फरक बघण्यासारखा आहे. झोका-सी-सॉच्या विषयात दोन्ही संघ आपापल्या कामात मग्न. समोरचा किती वेगवान आहे हे कळलं तर फार तर धोका पत्करायचा की सांभाळून खेळायचं, एवढंच ठरतं. लगोरीत मात्र एक बाजू ढीग फोडून पुन्हा रचते, आणि दुसरी बाजू चेंडू मारून रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावरचा चेंडू पाडायला बघते. आता समोरचा रोबो चकती ठेवताना थांबतो किती, कुठल्या कोनातून येतो, डोक्यावरचा चेंडू कधी उघडा पडतो, हे आदल्या दिवशीच्या चाचणी फेरीत ज्याने टिपलं त्याच्या खिशात निम्मा सामना. ज्या खेळात दुसऱ्याला तुमच्यापर्यंत पोहोचता येतं, त्याच खेळात टेहळणीला खरा भाव.

आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधलं रोबोवॉर तर निव्वळ याच गोष्टीवर चालतं. समोर आडवं पातं फिरवणारा रोबो असेल तर पुढे जाड उतरती पाटी लावायची, उभं पातं असेल तर वेगळा काटा. चांगले संघ दोन-तीन प्रकारचे पुढे बसवायचे भाग घेऊनच येतात, आणि कोणता लावायचा ते समोरच्याची आधीची लढत पाहून ठरवतात. पाहिलं नाही तर पातं सांगतं.

पण टेहळणीला शास्त्राचं रूप आलं ते फर्स्ट या अमेरिकन संस्थेच्या मोठ्या मुलांच्या स्पर्धांत. डीन केमन यांनी १९८९ साली ही संस्था काढली. एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) ही तिची थोरली स्पर्धा १९९२ साली २८ संघांनिशी न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झाली. एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) ही धाकटी, आपल्याकडे जास्त खेळली जाणारी. मुंबईचा ६०२४ क्रमांकाचा आर फॅक्टर हा संघ २०१६ साली एफआरसीत उतरला, पण एवढ्या मोठ्या रोबोची स्पर्धा खेळायची तर परदेशी जाणं आलं, पेटाऱ्यातून रोबो विमानाने नेणं आलं. एफटीसीचा रोबो सुरुवातीला १८ इंचांच्या घनात मावावा लागतो, म्हणजे रिक्षात बसतो. हार्बर लाइनच्या लगेज डब्यातही बसतो, गर्दीची वेळ टाळली तर.

या स्पर्धांची खुबी म्हणजे इथे एकटं कोणी खेळत नाही. एफटीसीत १२ फूट बाय १२ फुटांच्या मैदानावर दोन लाल, दोन निळे. पहिली ३० सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, मग दोन मिनिटं मुलं चालवतात. साखळी सामन्यांत जोडीदार संगणक ठरवतो. आत्ता जो तुमच्या शेजारी खेळला, तोच तासाभराने समोर. साखळी संपली की वरच्या क्रमांकाचे संघ कर्णधार होतात आणि भर मैदानात, माइकवर, बाद फेरीसाठी आपले जोडीदार निवडतात. ही निवड आंधळेपणाने केली तर अव्वल क्रमांकाचाही उपयोग नाही. टेहळणीचा सगळा खटाटोप या काही मिनिटांसाठी.

एफटीसीच्या २०२४-२५ च्या मोसमाचा 'इन्टू द डीप' हा खेळ यासाठी फार चांगला धडा होता. गुण मिळवायच्या दोन मुख्य वाटा. एक, ठोकळे उचलून उंच टोपलीत टाकायचे, प्रत्येकी ८ गुण. दुसरी, आपल्या रंगाचा ठोकळा मैदानाबाहेर उभ्या खेळाडूकडे द्यायचा, त्याने त्याला क्लिप अडकवायची, आणि तो उंच दांडीवर टांगायचा, प्रत्येकी १० गुण. टोपलीसाठी दोन्ही बाजूंना सामाईक असलेले पिवळे ठोकळे चालतात. दांडीसाठी आपल्याच रंगाचे लागतात. आता समजा तुम्ही टोपलीत पटाईत आहात. गुणतक्त्यात तुमच्या खालोखाल जो संघ आहे तोही टोपलीतलाच. त्याला घेतलंत तर दोघं एकाच टोपलीखाली रांगेत, एकाच ठोकळ्यावर दोघांचे पंजे. त्यापेक्षा अकराव्या क्रमांकावरचा, पण दांडीवर न चुकता टांगणारा संघ सोन्याचा. तक्ता हे सांगत नाही, कारण तक्त्यात नुसती बेरीज असते. अकराव्याला अकरावं का व्हावं लागलं, त्याच्या नशिबी कोण जोडीदार आले, हे फक्त वर बसलेल्या मुलीच्या वहीत असतं.

ती वही जवळून बघावी. टेहळणीचे दोन भाग असतात. पहिला पिटमधला: सामने सुरू होण्याआधी टेबलाटेबलांवर फिरून विचारायचं. चाकं मेकॅनम (आडवीही सरकणारी) की साधी, स्वयंचलित भागात काय करता, सामना संपताना रोबो लटकतो का, कोणत्या उंचीवर. इथे सगळेच थोडं फुगवून सांगतात. खोटं नसतं ते, आशा असते. 'ऑटोमध्ये चार टाकतो' याचा अर्थ घरी एकदा चार पडले होते. म्हणून जाणत्या मुली पुढचा प्रश्न विचारतात: 'गेल्या तीन सामन्यांत किती?' उत्तर यायला वेळ लागला की वहीत कोपऱ्यात एक छोटी फुली.

दुसरा भाग सामन्यातला. एका मुलाने एकच रोबो बघायचा, चेंडू किंवा ठोकळा कुठे चाललाय तिकडे नजर जाऊ द्यायची नाही, हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. नवखं मूल दहाव्या सेकंदाला आपल्याच संघाकडे बघायला लागतं. पानावर रकाने असतात: ऑटोत किती, टोपलीत किती, दांडीवर किती, निसटले किती, एक फेरी मारायला लागणारा वेळ, दंड, बंद पडला का. शेवटी मोकळी ओळ. माझ्या अनुभवात सर्वांत कामाची माहिती या मोकळ्या ओळीत सापडते. खारघरमधल्या एका सराव सामन्यात एका आठवीतल्या मुलीने तिथे लिहिलं होतं: 'इंटेक अडकला की चालवणारा घाबरतो, सगळी बटणं दाबतो.' (इंटेक म्हणजे ठोकळे आत ओढणारा भाग.) कुठल्याच ॲपमध्ये यासाठी रकाना नाही. बाद फेरीत दडपणाखाली हा संघ काय करील ते या एका वाक्यात आलं.

ॲपचा विषय निघालाच आहे तर आकड्यांकडे वळू. पैसेवाल्या संघांनी टॅबलेट, क्यूआर कोड, स्वतःचे सर्व्हर असा सरंजाम उभा केला आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचा १६७८ क्रमांकाचा सिट्रस सर्किट्स हा एफआरसी संघ यात नावाजलेला. एकाच रोबोवर एकाहून अधिक मुलं बसवून त्यांच्या नोंदी ताडून बघायच्या, ही त्यांची पद्धत, आणि आपली सगळी व्यवस्था ते जगासमोर उघडी ठेवतात. एफआरसीच्या वर्तुळात २००० च्या दशकात ओपीआर नावाचं एक मापही निघालं. एक रोबो सरासरी किती गुणांची भर घालतो याचा तो अंदाज. कल्पना नववीच्या बीजगणिताची आहे. अ आणि ब मिळून ९० गुण, अ आणि क मिळून ७०, ब आणि क मिळून ६०. तर अ चे ५०, ब चे ४०, क चे २०. प्रत्यक्षात समीकरणं जास्त आणि एकमेकांशी न जुळणारी असतात, म्हणून सगळ्यांत कमी चूक राहील असं उत्तर संगणक काढतो.

दिसायला हे देखणं आहे, आणि आपल्याकडचे हुशार संघ याच्या प्रेमात पडतात. पण साखळीत प्रत्येकाला पाचच सामने मिळत असतील, आणि एका बाजूला दोन रोबो असतील, तर दर संघामागे समीकरणं पडतात अवघी अडीच. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर एका सामन्यात वायफाय गेलं तरी आकडा लोळण घेतो. शिवाय ओपीआर धरून चालतं की दोन रोबोंच्या गुणांची नुसती बेरीज होते. टोपलीखालची रांग त्याला ठाऊक नाही. बचाव करणारा रोबो त्याला दिसत नाही. आणि पहिल्या दोन सामन्यांत पंजा तुटलेला, मग जेवणाच्या सुटीत दुरुस्त होऊन झपाट्याने खेळलेला संघ त्याला सुमारच वाटतो. डोळ्यांनी बघणाऱ्याला मात्र असा संघ हेरता येतो, आणि आपल्या छोटेखानी स्पर्धांत तेच जास्त भरवशाचं. मोठ्या परदेशी स्पर्धांच्या पद्धती जशाच्या तशा उचलण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं ते यासाठी.

आता पैशाचं. एफटीसीचा चांगला रोबो म्हणजे मोटरी, सर्व्हो, कंट्रोल हब, सरकणाऱ्या रेल्स. बरेचसे भाग अमेरिकेतून यायचे, त्यावर जकात, वर कुरिअर. मोसमाच्या मधोमध एखादा सर्व्हो जळला की संघ आठवडाभर हातावर हात ठेवून बसतो. नवी मुंबईला एक फायदा आहे. रबाळे-महापे-तुर्भ्याची एमआयडीसी जवळ, ॲल्युमिनियमची पाटी लेझरवर कापून मिळते. पण तेवढ्याने पैशाची दरी बुजत नाही. म्हणूनच नेरूळच्याच मैदानावरची एक जुनी गोष्ट मला इथे समर्पक वाटते. १ जून २००८ रोजी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. जिंकली राजस्थान रॉयल्स, लिलावात सर्वांत कमी किमतीला, ६ कोटी ७० लाख डॉलरला, गेलेली फ्रँचायझी. खेळाडू कोण घ्यायचा आणि कोणत्या कामासाठी घ्यायचा, हे इतरांपेक्षा तिने बारकाईने ठरवलं होतं.

रोबोटिक्समध्ये पैशाचा फरक जवळजवळ पुसून टाकणारी एक स्पर्धा आहे: फर्स्ट ग्लोबल. दर देशाचा एकच संघ, सगळ्यांना सारखाच किट. २०१७ साली वॉशिंग्टनला झालेल्या पहिल्या वर्षी १५७ देशांतून मुलं आली होती. पाणी शुद्ध करण्याचा विषय, निळे चेंडू म्हणजे पाणी, नारिंगी म्हणजे दूषित घटक, आणि तीन-तीन देशांची युती. भारताचा संघ मुंबईच्या सात शाळकरी मुलांचा होता. अभियांत्रिकी रचनेसाठीचं झांग हेंग सुवर्णपदक त्यांना मिळालं, आणि सामन्यांमध्ये कांस्य. सारखाच किट असताना फरक पडतो तो रचनेने आणि सोबत्याला समजून खेळण्याने. तिथे सोबत्याची भाषाही वेगळी.

मग हे काम आपल्याकडे मागे का पडतं? एक कारण मला शाळेत दिसतं. पहिलीपासून आपण मुलांना शिकवतो की शेजाऱ्याच्या पेपरात डोकावू नये. दुसऱ्याकडे बघणं म्हणजे कॉपी. ही मुलं पिटमध्ये जाऊन दुसऱ्याच्या रोबोचा फोटो काढायला लाजतात, आणि आपल्या रोबोचा कोणी काढला तर रोबोवर टॉवेल टाकतात. टॉवेल टाकलेला रोबो मी पाहिला आहे. फर्स्टमध्ये याच्या उलट रीत आहे. एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी रुजवलेला विचार असा की जीव तोडून स्पर्धा करा, पण समोरच्याला पाना हवा असेल तर द्या. तिथे लपवणारा संघ स्वतःचंच नुकसान करतो, कारण ज्याच्याबद्दल काही कळत नाही त्याला कोणी निवडत नाही. टेहळणी जेवढी इतरांना बघण्याची, तेवढीच स्वतःला दाखवण्याची. काही संघ म्हणून आपल्या रोबोची एकपानी माहिती छापून वाटतात. स्थळ बघायला जाताना लोक पत्रिका आधी पाठवतात, तसं.

चुकीच्या वाटाही आहेत, त्या झाकू नयेत. वरच्या क्रमांकाच्या मित्राला आणखी वर ढकलण्यासाठी मुद्दाम ढिला खेळ करायला सांगणं नियमांना मान्य नाही, पण कुजबूज होते. पिटमध्ये मुद्दाम चुकीची माहिती देणारेही असतात. त्यांचं बिंग पहिल्या सामन्यातच फुटतं. सर्वांत वाईट म्हणजे निवडीची यादी टेबलावर उघडी विसरणं. यादीच्या तळाशी ज्यांची नावं आहेत त्यांनी ती वाचली तर पुढच्या दोन मोसमांचं वैर.

दुसरं कारण दहावीचं. नवी मुंबईत रोबोटिक्स करणारं मूल बहुधा तेच असतं ज्याला जेईईचीही आशा आहे. दहावीनंतर ते इंटिग्रेटेड कॉलेजात जातं आणि संघातून एका फटक्यात नाहीसं होतं. त्याच्याबरोबर जातं ते डोक्यातलं सगळं: कोणता संघ दरवर्षी उशिरा फॉर्मात येतो, कोणाचा रोबो देखणा पण नाजूक, कोणाचे सर दर सामन्यानंतर प्रोग्रॅम बदलायला लावतात. कोड गिटहबवर राहतो, रोबो कपाटात राहतो. वह्या रद्दीत जातात.

तिसऱ्या कारणाबद्दल बोलायला लोक कचरतात. चालवणं मुलांकडे आणि लिहिणं मुलींकडे, अशी वाटणी अनेक मिश्र संघांत आपोआप होते. कोणी ठरवत नाही, पण होते. टेहळणीला मान मिळाला तर मुलींना मान मिळेल असा हिशेब मी मांडणार नाही. दोन्ही कामांची पाळी लावावी हे त्याहून बरं. वर बसून चार सामने बघितलेला चालक पुढच्या सामन्यात वेगळा चालवतो, हे कुठल्याही मार्गदर्शकाला विचारा.

निवडीची वेळ आली की हे सगळं एका मुलाच्या हातात येतं. प्रत्येक संघाचा एक प्रतिनिधी मैदानावर उभा असतो. पहिल्या क्रमांकाचा कर्णधार माइक घेतो आणि कोणालाही, अगदी दुसऱ्या क्रमांकाच्या कर्णधारालाही, आमंत्रण देतो. त्याने होकार दिला तर खालचे एकेक पायरी वर सरकतात, आणि काल नवव्या क्रमांकावर असलेला संघ अचानक कर्णधार होतो. नकार दिला तर मोठी मेख आहे: नकार देणाऱ्याला पुन्हा कोणीही निवडू शकत नाही. त्याचा क्रमांक स्वतः कर्णधार होण्याएवढा असला तरच तो टिकतो, नाहीतर थेट घरी. त्या क्षणी यादी पाठ नसलेलं मूल ओळखीच्या शाळेचं नाव घेतं. शेजारच्या नोडमधली शाळा, शिकवणीतला मित्र, सकाळी ज्याने पाना दिला तो. मी ज्या निवडी पाहिल्या त्यांत अशा ओळखीच्या निवडी कमी नव्हत्या, आणि त्यांतल्या फार थोड्या उपान्त्य फेरीच्या पुढे गेल्या. चांगले संघ म्हणूनच एक मूल मैदानात आणि दुसरं कठड्याशी वही घेऊन उभं करतात, बोटांच्या खुणा ठरवतात, आणि यादीत पहिल्या पसंतीच्या खाली निदान आठ नावं तयार ठेवतात, कारण पहिली तीन तुमच्यापर्यंत उरतच नाहीत.

एफटीसीत दर सप्टेंबरात नवा खेळ जाहीर होतो आणि पानावरचे बहुतेक रकाने बाद होतात. टोपली गेली, दांडी गेली, त्यांच्या जागी चेंडू आणि गोल आले. तरी दोन रकाने जुन्या पानावरून नव्या पानावर तसेच उतरवावेत असं मी प्रत्येक संघाला सांगतो: रोबो किती सामन्यांत मधेच बंद पडला, आणि दंडापोटी किती गुण गेले. नवखा संघ जोडीदार शोधायला निघतो तेव्हा हे दोन रकाने तो सर्वांत शेवटी बघतो. जाणता संघ तिथून सुरुवात करतो.